पूर्वज निवडताना घ्यावयाची काळजी

वंशावळ शोधायला निघालात? उत्तम. एकच पथ्य पाळा: आधी मूळपुरुष ठरवा, मग शोधायला लागा. उलट क्रमाने गेलात तर काय हाती लागेल याचा नेम नाही. कुणी दुष्काळात गाव सोडून पळालेला निघतो, कुणी सावकाराचे पैसे बुडवून.

मूळपुरुष उत्तरेतून घोड्यावर बसून आलेला असावा. पायी आलेला घेऊ नये. त्याच्यानंतरच्या धूसर पिढ्यांचे काय करायचे, हा प्रश्न पानिपत सोडवते. १४ जानेवारी १७६१ ला आपल्या घरातले कोणीतरी तिथे होतेच, असे ठणकावून सांगा. सांगणाऱ्या सगळ्यांचे पूर्वज खरोखर तिथे असते तर अब्दालीची यमुना ओलांडायची छाती झाली नसती, ही गोष्ट वेगळी. पानिपतची सोय अशी की तिथे गेलेला परत का आला नाही, असे कुणी विचारत नाही, आणि घरचे कागदही त्याच्याबरोबरच गेले म्हणून सांगता येते.

तरी एखादा चिकट नातेवाईक पुरावा मागेलच. त्याच्यासमोर मोडी कागद ठेवा. आधी रेघ ओढून मग तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. हवे तिथे तोडा, हवे ते वाचा. सालाचीही अशीच मोकळीक. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी आकडे, म्हणजे जुन्या कागदांतल्या शुहूर कालगणनेचे सन ११६१. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिना पाहून ठरते. फसली, म्हणजे महसुली साल असेल तर ५९० किंवा ५९१. एवढे ऐकले की नातेवाईक चहा मागतो.

जाणकार मोडी वाचकाकडे मात्र चुकूनही जाऊ नका. ही माणसे कागदात जे आहे तेच वाचतात. आजोबांनी देव्हाऱ्यात पूजलेली शिक्क्याची सनद उघडावी आणि आत निम्म्या पाटीलकीवरून दोन भावांनी एकमेकांची काढलेली उणीदुणी असावीत, असे होते. खरे तर आपल्याकडच्या कितीतरी वंशावळी टिकल्या त्या भाऊबंदकीच्या कृपेने. वतनाचा तंटा झाला की गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद-गावकऱ्यांच्या सभेपुढे, करीना (आपल्या बाजूची लेखी हकीकत) मांडायचा, त्यात सात पिढ्यांचा पाढा वाचायचा, मग महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा. पुढे इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासायला इनाम कमिशन बसवले, तेव्हा इनाम राखायचे तर आपण कोणाचे कोण हे कागदोपत्री दाखवणे आले. प्रेमाने कुणी पणजोबाचे नाव लिहून ठेवल्याचे फारसे आढळत नाही. श्राद्धाला गुरुजी वडील, आजोबा, पणजोबा एवढीच नावे विचारतात, तर तिसऱ्या नावाला आपण मोबाइल काढून काकांना फोन लावतो. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप आहेच.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वाट तर मुळीच धरू नका. आडनाव आणि गाव सांगताच ते नामावळीची वही काढतात आणि पणजोबांच्या हातची नोंद पुढ्यात ठेवतात. आईला घेऊन यात्रेला आलो, सोबत अमुक अमुक, खाली सही. तलवारीचा उल्लेख नाही, जहागिरीचा नाही. अशा नोंदीने घराण्याचे किती नुकसान होते!

त्यापेक्षा कुलवृत्तांत छापा. दहा पिढ्या मागे गेले की हिशेबाने १०२४ पूर्वज होतात, त्यातला एक मूळपुरुष म्हणून निवडला की उरलेल्या १०२३ जणांचा जाच राहत नाही. त्यात निम्म्या बायका, म्हणजे ५१२. त्यांना वगळायला वेगळे कष्ट पडत नाहीत. सुनेचे माहेरचे नाव कंसात टाकले की झाले. लेकीच्या पुढे जावयाचे आडनाव लिहून रेघ तिथेच थांबवावी.

कचेरीत जाताना मात्र पूर्वज बदला. जात पडताळणीला घोडेस्वार चालत नाही. इतर मागासवर्गीयांत मोडत असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो देतो चौथीत शाळा सोडलेला आजोबा. शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीची, नक्कल, यांत तो निमूटपणे बसलेला सापडेल. आयुष्यभर कुणी त्याला विचारले नाही. आता त्याच्या नावाच्या पाच-पाच साक्षांकित प्रती काढा. दिवाणखान्यातली वंशावळ फाइलीत घालू नका, फाइलीतली दिवाणखान्यात लावू नका.

तिसरी वंशावळ तलाठ्यासाठी, वारस नोंदीची. प्रतिज्ञापत्रावर करायची असते, आणि हिच्यात नेमक्या बहिणी येतात. महाराष्ट्राने १९९४ ला आणि केंद्राने २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देऊन ठेवला आहे, त्याला आपण काय करणार? कुलवृत्तांतात जिची रेघ जावयापाशी थांबवली होती, तिचे पूर्ण नाव, वय, पत्ता, आधार क्रमांक सगळे आता शोधून काढा. शुद्धलेखन तपासून घ्या. मग हक्कसोडपत्राचा मसुदा तयार ठेवा आणि दुय्यम निबंधकाकडची वेळ राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची घ्या. ती माहेरी आलेलीच असते.