‘आयटीआय ऑनलाइन शिकवता येत नाही’ या मेसेजला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयटीआय ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आयटीआय म्हणजे हाताचं काम, ते ऑनलाइन शिकवताच येत नाही. लॉकडाऊनमध्ये करून बघितलं, फसलं. आपल्याकडे रेंज नाही. यूट्यूबवर सगळं आहेच. आणि पन्नाशी ओलांडलेल्या निदेशकाला (आयटीआयत शिकवणाऱ्याला) हे जमणार नाही. म्हणून निदेशकांना ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षण देणं बंद करा.

मी वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) ट्रेडला शिकवतो. मेसेजमागची चीड मला समजते, पण निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्यात नुकसान आपल्या पोरांचं आहे.

पहिला मुद्दा हाताच्या कामाचा. पकड हातात घेतल्याशिवाय वायरमन होत नाही, हे शंभर टक्के खरं. पण २०२२ पासूनचा अभ्यासक्रम उघडून बघा. पहिल्या वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० ट्रेड थिअरीचे आणि १२० एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे. त्या ८४० तासांना हात लावा असं कोणी म्हणत नाही. उलट ते तास वाचवायचे असतील तर ऑनलाइन धडा नीट बनवता आला पाहिजे.

स्टार-डेल्टा स्टार्टरचं उदाहरण घ्या, म्हणजे मोटार आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारं पॅनल. बॅचला २० मुलं आणि पॅनल एक. मी पॅनल उघडून कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच) दाखवायला लागलो की पुढच्या चार-पाच जणांना दिसतं. मागच्यांना माझी पाठ दिसते. पुढचा अर्धा तास तेच तेच पुन्हा सांगण्यात जातो. मग मी ड्रॉइंग स्टँडला मोबाईल बांधला, कॅमेरा पॅनलवर वरून धरला आणि चार मिनिटांचा व्हिडिओ केला. मेन, स्टार, डेल्टा हे तीन कॉन्टॅक्टर आणि टायमर. स्टारमध्ये सुरू केल्यावर लाइनचा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश का होतो, तेवढंच त्यात सांगितलं. मध्येच थांबवून प्रश्न टाकला: ‘स्टार आणि डेल्टा एकाच वेळी लागले तर काय होईल? वहीत लिहा, मगच पुढे बघा.’

दुसऱ्या दिवशी मुलं वहीत उत्तर घेऊन आली. निम्म्यांनी ‘मोटार जोरात फिरेल’ असं लिहिलं होतं. तीन फेज थेट शॉर्ट होतात, म्हणून दोन्ही एकत्र लागू न देणारा इंटरलॉक लागतो, ही गोष्ट त्या निम्म्यांना समजलेली नाही हे मला वर्कशॉपला हात लावण्याआधी कळलं. एरवी ते फ्यूज उडाल्यावर कळायचं. त्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे वायरिंगला लागले.

सीआयटीएसमध्ये, म्हणजे निदेशकांच्या प्रशिक्षणाच्या कोर्समध्ये, आपण सगळे चार पायऱ्या शिकलो: तयारी, सादरीकरण, करून घेणं, तपासणी. यातलं सादरीकरण मोबाईलवर जाऊ शकतं, कारण मुलगा ते पाच वेळा बघू शकतो. करून घेणं वर्कशॉपमध्येच राहतं. कोणती पायरी कुठे ठेवायची, प्रश्न कुठे पेरायचा आणि आलेल्या उत्तराचं काय करायचं, हे ठरवणं हे कसब आहे. ते आपोआप येत नाही, शिकावं लागतं.

लॉकडाऊनमध्ये फसलं, हे मान्य. मीही त्यात होतो. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि कोणाला काही न शिकवता सांगितलं गेलं, उद्यापासून ऑनलाइन. आम्ही तासाभराचं फळ्यावरचं लेक्चर मोबाईलसमोर दिलं. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी लिहून ठेवलं होतं की संकटात घाईने केलेली अशी सोय आणि आखून-बांधून केलेलं ऑनलाइन शिक्षण यांची तुलना करू नका. २०१४ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन कोर्स मंचावरच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास झाला. सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओंवरच लोक सर्वांत जास्त टिकतात, असं त्यात दिसलं. आम्ही साठ मिनिटं बोलत होतो. फसलं ते प्रशिक्षण न मिळाल्यामुळे, आणि मेसेज त्याच्यावरच प्रशिक्षण बंद करायला सांगतोय.

एका गोष्टीत मेसेजवाल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी स्वतः एका ठिकाणी पाच दिवसांचं असं प्रशिक्षण घेतलं. पाचही दिवस समोरचे साहेब स्लाइड वाचत होते आणि आम्हाला एकही धडा बनवायला सांगितला नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. असलं प्रशिक्षण खरोखर बंद व्हावं.

रेंजचं म्हणाल तर धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आजही अडचण आहे, नाकारत नाही. म्हणूनच लाइव्ह तासावर भर नको. छोटा व्हिडिओ कमी रिझोल्यूशनला काढला की १५ एमबीत बसतो. मुलगा आयटीआयत असतानाच तो मोबाईलमध्ये घेतो किंवा मित्राकडून ब्लूटूथने घेतो. मग पाड्यावर गेल्यावर नेटची गरजच पडत नाही. हे ठरवता येणं हासुद्धा त्याच प्रशिक्षणाचा भाग.

आता यूट्यूब. हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. माझ्याकडच्या एका मुलाने घरगुती वायरिंगचा एक झकास इंग्रजी व्हिडिओ बघितला. त्यात काळी वायर फेजची होती. अमेरिकेत काळी वायर जिवंत असते, पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे काळी न्यूट्रल. तिकडे घरात १२० व्होल्ट, इथे २३०. वर्कशॉपमध्ये तो काळ्या वायरला फेज जोडायला निघाला होता. मी शेजारी होतो म्हणून थांबला. व्हिडिओ चांगलाच होता, फक्त आपल्यासाठी नव्हता. कोणता द्यायचा, कोणता टाळायचा, दिलाच तर सोबत काय सांगायचं, हे निदेशकानेच ठरवायचं असतं. भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर आपल्याच ट्रेडचं साहित्य आहे, तिथून सुरुवात करता येते. आणि रावेर-यावलच्या केळीच्या शेतातून पोरगा व्हॉइस नोट पाठवतो, ‘सर, मोटार उलटी फिरी ऱ्हायनी’, तेव्हा दोन फेज अदलाबदल कर हे त्याला त्याच्या बोलीत सांगणारा निदेशकच असतो.

राहिला वयाचा मुद्दा. आमच्या संधाता (वेल्डर) ट्रेडचे एक सर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांना एडिटिंग येत नाही आणि त्याची गरजही पडली नाही. त्यांनी वेल्डिंगच्या काचेमागे मोबाईल धरला आणि आर्कचा, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीचा, आवाज टिपला. आधी आर्क लांब धरल्यावरचा फुटका, थुंकल्यासारखा आवाज. मग बरोबर अंतरावरचा, भजी तळताना येतो तसा सलग चरचर आवाज. दोन्हींच्या मध्ये ते एवढंच म्हणतात, ‘बेटा, डोळे मिट आणि ऐक.’ दीड मिनिटाचा धडा आहे. वर्कशॉपच्या गोंगाटात जो फरक ते तीस वर्षं ओरडून सांगत होते, तो मुलं आता बसमध्ये कानात इअरफोन घालून ऐकतात. परवा ते मला विचारत होते, उभ्या वेल्डिंगला मोबाईल कुठे बांधू.