पार्श्वसंगीताला त्याची जागा दाखवून द्या

ऑस्करचा मोसम आला की आपल्यासारख्या जाणकारांवर केवढी जबाबदारी येऊन पडते! कोणाला मिळणार, कोणाचं हुकणार, कोणावर अन्याय झाला, सगळं आपल्यालाच ठरवायचं. आणि या धबडग्यात मध्येच एक विभाग कडमडतो, ओरिजिनल स्कोअर. म्हणजे पार्श्वसंगीत. त्याचं नेमकं काय करायचं हे भल्याभल्यांना कळत नाही.

परवा आमच्या सिनेमावेड्या टोळक्यात नामांकनांच्या यादीवर पैजा लागल्या होत्या. अभिनेत्रीच्या विभागावर तासभर हाणामारी. मग स्कोअर आला. एकाने यादीवर नजर फिरवली आणि निरागसपणे विचारलं, "पण ह्यात तर एकही गाणं नाही, मग संगीताचं नामांकन कसलं?" दुसरा म्हणाला, "सोड रे, कोणालाही मिळू दे, पुढचं वाच." झालं, पुढचं वाचलं. या दोघांना गुरू मानून नवशिक्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी सांगतो.

संगीत म्हणजे गाणं, ही व्याख्या घट्ट धरून ठेवा. कोणी मध्येच बीजीएम, म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक, वगैरे म्हणालं तर "हो हो, हीरोच्या एन्ट्रीचं ना, ते भारी होतं" एवढं म्हणून विषय संपवा.

सिनेमा संपून नावं सुरू झाली की ताबडतोब उठा. घरी असाल तर उठायचेही कष्ट नकोत. संगीत अजून श्वास घेत असतानाच ॲप ते कोपऱ्यात चिमटीएवढं करतं आणि पुढच्या कशाचा तरी ट्रेलर अंगावर सोडतं.

चर्चेत अडकलात तर एक वाक्य पाठ करून ठेवा, "चांगलं पार्श्वसंगीत जाणवतच नाही." हे रामबाण आहे. ऐकायचे कष्ट वाचतात आणि आपण रसिकही ठरतो. जाणवलं नाही म्हणजे चांगलं, जाणवलं म्हणजे भडक, दोन्हीकडून दाद द्यायची गरज नाही! 'सायको'मधला न्हाणीघरातला प्रसंग आठवा. हिचकॉकला तो संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हरमनने तरीही संगीत लिहिलं. वाद्यवृंदात फक्त तंतुवाद्यं, ना पितळी वाद्यं, ना ढोल. व्हायोलिनच्या अगदी वरच्या सुरांत, तारेवर करवत चालवावी तसे एकामागून एक फटकारे. हिचकॉकने ते ऐकलं आणि मत बदललं. आज साठ-पासष्ट वर्षांनीही कोणाला भोसकायची नक्कल करायची असेल तर माणूस मूठ वर नेतो आणि तोंडाने तेच व्हायोलिन वाजवतो. सिनेमा न पाहिलेला माणूससुद्धा! जाणवतच नाही म्हणे. तर या १९६०च्या सिनेमाला ऑस्करची चार नामांकनं मिळाली, दिग्दर्शन, सहायक अभिनेत्री, छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन. संगीताला? नाही. बहुधा जाणवलं नसावं.

आता समजा, नशिबाने तुम्ही एखाद्या समितीवर गेलात. तिथे 'अस्सलपणा' नावाचं हत्यार असतं, म्हणजे संगीत त्या सिनेमासाठीच नव्याने लिहिलेलं हवं, ते सढळ हाताने वापरा. १९७२च्या 'द गॉडफादर'च्या संगीताचं नामांकन जाहीर होऊन मग काढून घेतलं, कारण नीनो रोटाने त्यातली एक धून आधी १९५८च्या एका इटालियन सिनेमात वापरली होती. कोणाची चोरली होती? स्वतःचीच. गंमत म्हणजे दुसऱ्या भागाला याच विभागात ऑस्कर मिळालं, आणि ती धून त्यातही होती! जॉनी ग्रीनवुडचं 'देअर विल बी ब्लड' बाद, त्याने आपल्याच जुन्या रचनेतला भाग घेतला म्हणून. 'अरायव्हल' बाद, कारण सुरुवातीला आणि शेवटी मॅक्स रिश्टरची आधीची रचना आहे आणि मतदारांचा म्हणे गोंधळ उडेल. 'बर्डमॅन'साठी अँटोनियो सांचेझने जवळपास नुसत्या ड्रम्सवर अख्खा सिनेमा तोलून धरला, तोही बाद, मध्ये जुन्या शास्त्रीय रचना वाजतात म्हणून. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता ठरला? 'बर्डमॅन'च. म्हणजे इमारत उत्तम, पाया अपात्र.

ज्यांना द्यायचंच आहे त्यांना उशिरा द्या. चारशेच्या वर सिनेमे करणाऱ्या एन्नियो मॉरिकोनेला २००७मध्ये मानद ऑस्कर देऊन बोळवण केली, स्पर्धेतलं मिळालं ते २०१६मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी. ॲलेक्स नॉर्थला पंधरा नामांकनं आणि शेवटी एक मानद बाहुली. थॉमस न्यूमनचीही पंधरा झाली आहेत. त्यांनी धीर धरावा.

आणि सगळ्यात जालीम उपाय, कार्यक्रमातूनच हाकला. हे मी सांगत नाही, ऑस्कर देणाऱ्या अकादमीने करून दाखवलंय. मार्च २०२२च्या सोहळ्यात वेळ वाचवायला आठ विभाग थेट प्रक्षेपणाच्या आधीच उरकले आणि त्यांची कापलेली चित्रफीत मध्ये मध्ये चिकटवली. त्यात संकलन, ध्वनी आणि आपलं हे स्कोअर. 'ड्यून'साठी हान्स झिमरला दुसरं ऑस्कर मिळालं, पहिल्यानंतर सत्तावीस वर्षांनी, तेव्हा तो युरोपच्या दौऱ्यावर हॉटेलात आंघोळीचा झगा घालून होता. बरं केलं. सभागृहात येऊन तरी काय, रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार? आता त्याच सोहळ्याची गंमत बघा. विजेता उठला की वाजतं काय? त्याच्या सिनेमाचं संगीत. जुन्या सिनेमांची दृश्यं दाखवताना गळा भरून येतो तो कशाने? कोणाचं भाषण लांबलं की त्याला खाली उतरवायला काय वाजवतात? चार तास पाहुणे उभे राहतात, रडतात, टाळ्या पिटतात ते या लोकांच्या जिवावर, आणि वेळ कमी पडला की दाराबाहेर पहिले हेच! विनोदी नाचगाण्यांना वेळ आहे, सूत्रसंचालकाच्या पाचकळ कोट्यांना वेळ आहे, एकाने दुसऱ्याच्या थोबाडीत मारली तर तिला जन्मभराचा वेळ आहे. ज्याने दोन-दोन वर्षं खपून, नवी वाद्यं बनवून 'ड्यून'च्या वाळवंटाला आवाज दिला, त्याला मोजकेच क्षण, तेही कापलेले. ओरड झाली तेव्हा पुढच्या वर्षी सगळे विभाग परत थेट दाखवले. उपकारच.

मतं देताना सिनेमा पाहायलाच हवा असं नाही, हीही एक सोय होती. २०२५ साली अकादमीने नियम केला की अंतिम फेरीत मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे सिनेमे पाहिले पाहिजेत. नियम करावा लागला! मग आमच्या टोळक्याला तरी काय बोलायचं?

बोलायचं. बोललंच पाहिजे. अरे, तुम्ही दोन-दोन तास गळ्यापर्यंत आवंढे गिळता, हातातलं सोडून पडद्याला चिकटता, ते नटाच्या डोळ्यांमुळे असं तुम्हाला वाटतं. एकदा तोच प्रसंग आवाज बंद करून बघा. डोळे तेच असतात, तुम्ही मात्र मोबाइल उघडता. लाज वाटली पाहिजे. 'सैराट'साठी हॉलिवूडमध्ये मोठा वाद्यवृंद घेऊन संगीत रेकॉर्ड केलं, आणि त्या सिनेमाचा शेवट संगीताशिवाय ठेवला. कुठे थांबायचं हाही संगीताचाच निर्णय असतो. तुम्ही काय लक्षात ठेवलंत? लग्नात नाचायला 'झिंगाट'.

आणि रेहमान. 'स्लमडॉग मिलेनियर'साठी २००९मध्ये एका रात्रीत दोन ऑस्कर घेतली त्याने. 'जय हो' सगळ्यांच्या तोंडात आहे. दुसरं कशासाठी होतं हे दहा जणांना विचारा, नऊ जण डोकं खाजवतील. दुसरं याच विभागातलं होतं, ज्यात "एकही गाणं नाही" म्हणून तुम्ही पान उलटता. त्या संगीतातले चार सूर गुणगुणून दाखवा. नाही ना येत? मग आधी ऐका, आणि तोवर कोणाला नामांकन का मिळालं यावर तोंड उघडू नका.