आधी त्याचं नाव तरी कळू द्या

पहिल्या महायुद्धात गेलेल्या मराठी शिपायांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ते इंग्रजांचे भाडोत्री, त्यांचा अभिमान कसला? दुसरा त्यांना थेट मावळ्यांच्या रांगेत नेऊन बसवतो. मेलबर्नमधून हा वाद वाचताना मला सतत खटकतं ते एवढंच की, तो शिपाई कोण होता हे दोघांनाही ठाऊक नसतं.

इथे कागद उघडे आहेत. त्या युद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारानं ऑनलाइन ठेवल्यात, कुणीही फुकट वाचाव्यात. भरतीच्या कागदावर वय, धंदा, उंची, छातीचं माप, डोळ्यांचा रंग, जवळचा नातेवाईक आणि खाली सही. पुढे कधी आजारी पडला, कुठल्या आगळिकीसाठी पगार कापला, तेही झाकलेलं नाही.

टास्मानियाचा ॲलेक कॅम्पबेल घ्या. 1915 साली वय 16, भरतीच्या वेळी सांगितलं 18. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या रणभूमीवर तो खंदकांपर्यंत पाणी आणि दारूगोळा वाहून न्यायचा. आजारी पडून 1916 मध्ये घरी परतला, तेव्हा जेमतेम 17 वर्षांचा होता. त्यानंतर खरं आयुष्य सुरू झालं: रेल्वेचे डबे बांधले, कामगार संघटनेत पुढारी झाला, पोक्त वयात अर्थशास्त्राची पदवी घेतली, शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरला. गॅलिपोलीत लढलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांपैकी तो शेवटचा. 2002 मध्ये गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामात निरोप दिला गेला. तोही इंग्लंडच्या राजाच्याच नावानं लढला होता. पण त्याला भाडोत्री किंवा देव ठरवायला इथे कुणी धजत नाही, कारण सगळा माणूसच समोर आहे.

इथलं सगळंच निर्मळ आहे असं मुळीच नाही. मूळनिवासी सैनिकांनीही रक्त सांडलं, पण परत आलेल्या सैनिकांना जमिनी वाटल्या तेव्हा त्यातले बहुतेक जण वगळले गेले. हा अन्याय आज बोलता येतो तोही याच कागदांमुळे.

आता आपल्याकडे बघा. ब्रिटिश हिंदी फौजेच्या 6व्या पूना डिव्हिजनमधल्या 103 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर 1915 पासून वेढा, पुढे उपासमार, 29 एप्रिल 1916 ला शरणागती, मग कैद. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले 46 जण त्या युद्धात कामी आले असं आपण अभिमानानं सांगतो. त्यातली चार नावं तरी आपल्याला सांगता येतील का?

पंजाबच्या सैनिकांच्या नोंदवह्या 2021 मध्ये लोकांसाठी खुल्या झाल्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरसाठी हे काम कुणीतरी हाती घेतलंच पाहिजे, आणि त्याची सुरुवात सरकारची वाट न पाहता घरातूनच होऊ शकते. पणजोबांचं चांदीचं पदक ट्रंकेत असेल तर त्याची कड नीट बघा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. सोनाराकडे जाण्याआधी तिचा फोटो काढा, आणि पेन्शनचे कागद असतील तर त्यांचाही.