अधिकाच्या वाणात जीपीएस? जरा थांबा

यंदा (2026) 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे धोंड्याचा महिना. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जावयाला वाण काय द्यायचं याचीच चर्चा आहे. त्यात एक ढकलपत्र जोरात फिरतंय. त्याचा सारांश असा: चांदीची वाटी कपाटात पडून राहते, त्यापेक्षा जावयाच्या गाडीत काचेवर लावायचं, रस्ता दाखवणारं जीपीएस यंत्र द्या. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात रेंज गेली की मोबाईल निकामी होतो, हे यंत्र थेट उपग्रहावर चालतं. रस्ता चुकत नाही, एकदा पैसे भरले की पुन्हा खर्च नाही, मोबाईलसारखा पोलिसांचा दंड नाही, आणि दुबईच्या पाहुण्यांकडून मागवलं तर आणखी स्वस्त.

चांदी द्यावी की अनारसे, ते ज्याचं त्यानं ठरवावं. यंत्राबद्दल जे लिहिलंय त्यातलं निम्मं मात्र चूक आणि उरलेलं अर्धवट आहे.

पहिला मुद्दा रेंजचा, आणि सगळा घोळ इथंच आहे. मोबाईलमध्येही तोच जीपीएस रिसीव्हर असतो. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत राहतात. रिसीव्हर ते नुसते ऐकतो, उलट काही पाठवत नाही. चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठं आहोत ते त्याला कळतं. त्यात सिमकार्डचा किंवा टॉवरचा संबंध येत नाही. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि बऱ्याच नव्या फोनांत इस्रोचं नाविकही असतं. हजारो रुपयांच्या यंत्राला आकाशात वेगळा उपग्रह कुणी राखून ठेवलेला नाही.

मग चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालं की फोन 'बंद' का पडतो? स्क्रीन नीट बघा. निळा ठिपका जागेवर असतो, गाडीबरोबर सरकतही असतो. गायब होतो तो त्याच्याखालचा नकाशा. कोऱ्या राखाडी चौकोनावर ठिपका एकटाच फिरत असतो. कारण नकाशाचे तुकडे फोन इंटरनेटवरून जाता जाता उतरवत असतो आणि रेंज गेली की पुढचा तुकडा येत नाही. यंत्रात अख्खा नकाशा आधीच भरलेला असतो, फरक एवढाच. तो फोनमध्येही भरून ठेवता येतो. गुगल मॅपमध्ये वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, ऑफलाइन नकाशे उघडा, चौकोन ओढून त्यात बेळगाव, पणजी, सावंतवाडी, कोल्हापूर येईल इतका मोठा करा आणि डाउनलोड करा. फुकट. नंतर अधूनमधून वायफायवर तो ताजा होऊ द्यायचा. असा नकाशा भरलेला असला की रेंज नसतानाही वळणं सांगितली जातात. वाहतूक कोंडी आणि पर्यायी रस्ते मात्र दिसत नाहीत. सगळी वाट त्या चौकोनाच्या आत मावली पाहिजे, हेही ध्यानात ठेवावं.

रेंज नसताना फोनला पहिल्यांदा जागा सापडायला थोडा उशीर लागतो, हे खरं. रेंज असली की उपग्रह कुठं आहेत ही माहिती त्याला नेटवर्कवरून पटकन मिळते, नसली की ती उपग्रहाकडूनच ऐकून घ्यावी लागते. प्रत्येक उपग्रह ती दर 30 सेकंदांनी पुन्हा सांगतो. म्हणून फोनवर रस्ता दाखवणं बेळगावातच चालू करायचं, घाटात पोचल्यावर नव्हे. महिनोन्‌महिने डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेल्या यंत्रालाही हाच वेळ लागतो. त्यात दाट झाडी आणि दरडीची भिंत आली की दोघांनाही कमीच ऐकू येतं.

दुसरा मुद्दा, 'रस्ता चुकत नाही'. यासाठी ढकलपत्रात खानापूर तालुक्यातल्या भीमगड जंगलाचा दाखला दिलाय. ती घटना खरी आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याला निघालेलं बिहारमधलं एक कुटुंब गुगल मॅपनं दाखवलेल्या वाटेनं शिरोली-हेम्मडगा भागातून भीमगडच्या जंगलात शिरलं. रात्र गाडीतच काढली. काही किलोमीटर चालल्यावर रेंज मिळाली, 112 ला फोन लागला आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. पण ते अडकले कशानं? आडवाटेला रस्ता समजून ती निवडली गेली म्हणून. जवळची वाट शोधायचं गणित यंत्रही तसंच करतं. चांगल्या यंत्रात कच्चे रस्ते टाळायची सोय असते, पण नकाशा करणाऱ्यानं तो रस्ता कच्चा म्हणून नोंदवलेला असेल तरच तिचा उपयोग.

आपल्या भागात याहून मोठी अडचण पावसाळ्यातली आहे. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेवरचे कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ हे ठेंगणे पूल-बंधारे मोठ्या पावसात पाण्याखाली जातात आणि पोलीस दोन्ही बाजूंनी अडथळे लावतात. यंत्रातल्या नकाशात ते पूल बाराही महिने कोरडे. जावई निपाणीकडचा असेल आणि जुलैत रात्री यंत्राच्या भरवशावर निघाला, तर ते त्याला सरळ पाण्यावर नेऊन उभं करील. फोनलाही हे कळेलच असं नाही. पण फोनवरून निदान भोजमधल्या पाहुण्याला विचारता येतं, 'पूल चालू हाय काय?'

'एकदाच खर्च' हे अर्धसत्य. नकाशा जुना होतो, महामार्ग रुंद होतात, उड्डाणपूल येतात, बायपास निघतात. नामी कंपन्या आयुष्यभर नकाशे फुकट म्हणतात खऱ्या, पण बारीक अक्षरात ते आयुष्य यंत्राचं असतं, तेही कंपनीला नकाशे मिळताहेत तोवरचं. ताजा नकाशा घ्यायला यंत्र वायफायला किंवा केबलनं संगणकाला जोडावं लागतं. ते कोण करणार? शहर 2014 च्या नोव्हेंबरात अधिकृतपणे बेळगावी झालं. जुना नकाशा असलेल्या यंत्रात कुठलं स्पेलिंग टाकायचं यावरच पहिली पाच मिनिटं जातात. नाव न ऐकलेल्या कंपनीचं स्वस्त यंत्र असेल तर नवा नकाशा मिळायचं ठिकाणच नसतं.

दुबईचा सल्ला तर सरळ नाकारावा. ही यंत्रं विकली जातात त्या प्रदेशाचा नकाशा घेऊन येतात. तिकडच्यात शारजा असेल, शिनोळी नसेल. भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यायचा आणि बिघडलं तर दुरुस्तीला परत तिकडं पाठवायचं, यात स्वस्त काय राहिलं?

दंडाचंही चुकीचं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1 ऑक्टोबर 2020 पासून झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. म्हणजे फोन होल्डरमध्ये हवा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात स्टेअरिंग, तर दंड होणारच, आणि व्हावा.

यंत्राची बाजू अगदीच लंगडी नाही. मे महिन्याच्या उन्हात काचेमागं ठेवलेला फोन तापतो, स्क्रीन मंद होते आणि नेमका वळणावर सासूबाईंचा फोन येऊन नकाशा झाकला जातो. वेगळ्या यंत्रात ही कटकट नाही. ज्याचा सगळा दिवस गाडीत जातो आणि फोन सतत वाजत असतो, अशा फिरत्या विक्रेत्या जावयाला ते कामी येईल. पण आधी त्याची गाडी बघा. नव्या गाड्यांत फोन जोडायची मोठी स्क्रीन आधीच असते. तिच्याशेजारी आणखी एक चिकटवून समोरचा रस्ता झाकायचा काय?

बाकीच्यांसाठी एसीच्या जाळीला घट्ट बसणारा होल्डर, चांगल्या कंपनीचा गाडीतला चार्जर आणि एक धड केबल पुरे. काचेला रबरानं चिकटणारा होल्डर उन्हात सुटून पायात पडतो, तो नको. एसीच्या वाऱ्यानं फोन गारही राहतो. एवढं सगळं यंत्राच्या किमतीच्या लहानशा भागात होतं. धोंड्याचं जेवण झालं की जावयाचा फोन घरच्या वायफायला जोडून नकाशाचा तो चौकोन त्याच्याकडूनच ओढवून घ्या. उरलेल्या पैशांत चांदीची वाटीही येते.