जबाबदार व्यक्तीचे नाव

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाची सभा सातला होती आणि मी साडेसातला पोचलो. आमच्याकडे सभेला उशिरा येणाऱ्याला खुर्ची मिळत नाही, पद मिळतं. मी दारात चपला काढेपर्यंत ‘रौप्यमहोत्सव समितीचे निमंत्रक’ म्हणून माझ्या नावाला सूचक, अनुमोदक आणि टाळ्या, सगळं मिळून गेलं होतं.

कार्यक्रमही ठरला होता. पार्किंगमध्ये मांडव, जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद, जेवण, आणि (इथे अप्पांनी आवाज खाली आणला) कोपऱ्यात ज्येष्ठांसाठी ‘थोडी सोय’. अप्पा बँकेतून निवृत्त झालेले. "पण चोरून काही नको हं," ते म्हणाले, "जे करायचं ते परवाना काढून." मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही. मला ताकानेसुद्धा सर्दी होते. नेमकं म्हणूनच हे काम माझ्याकडे आलं. अशा कामाला निःपक्षपाती माणूस लागतो, असं अध्यक्षीणबाईंचं मत पडलं.

तारखेपासूनच सुरुवात झाली. २ ऑक्टोबर सुचवली गेली, कारण सुट्टी असते आणि सगळे घरी असतात. ठराव लिहूनही झाला. मग तळमजल्यावरचे नाना, वय ८४, म्हणाले, "त्या दिवशी सुट्टी कुणाच्या नावाने असते, तेवढं बघा." गांधीजयंती, म्हणजे कोरडा दिवस, दारूविक्री बंद. आठवडाभर मागे सरकलो तर अनंत चतुर्दशी आडवी आली. तीही पुण्यात कोरडीच. पुढे सरकलो तर पितृपक्ष. पितृपक्षाला मात्र कुठल्याच कायद्यात बंदी नाही, त्यामुळे ती मोडायला एकही सभासद तयार झाला नाही. मग नवरात्र. शेवटी दसरा-दिवाळीच्या मधला एक शनिवार मोकळा सापडला. त्यात निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद. तेव्हा पुढचा महिनाभर मी रोज संध्याकाळी देवापुढे, लोकशाहीने जरा दमाने घ्यावं, एवढंच मागत होतो.

इतकी वर्षं माझी समजूत अशी की दारू पिणं कायदेशीर आहे आणि त्यावर काही बंधनं आहेत. खरा प्रकार उलटा आहे. आपल्याकडे लागू आहे तो १९४९ सालचा दारूबंदी अधिनियम. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री होते तेव्हाचा. म्हणजे मुळात बंदी, आणि तिच्यातून वाट काढायला परवाने. ‘परमिट रूम’ या पाटीकडे मी पन्नास वर्षं बघत आलो, पण त्यातला ‘परमिट’ हा शब्द पिणाऱ्यालाही लागू आहे, हे कधी डोक्यात आलं नाही. पिणाऱ्याने स्वतःच्या नावाचा परवाना बाळगायचा आणि तोही कशासाठी, तर आरोग्याच्या रक्षणासाठी. रात्री अकराला आमच्या कोपऱ्यावरून गाणी म्हणत जाणारी मंडळी प्रकृतीला जपत असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

कायदा आला तेव्हाही लोकांनी तो सुखासुखी घेतला नव्हताच. बलसारा नावाचे एक गृहस्थ न्यायालयात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९५१ साली निकाल लागला, की दारूबंदी बऱ्याच अंशी वैध, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं तिच्यातून वगळा. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "प्रसाधनं म्हणजे... नाही, नको."

मी चौकशी केली तेव्हा विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १०००, असा हिशेब होता. नानांनी कागद ओढला. "आजन्म घेतला तर दोनशे दिवस प्यायल्यावर पैसे वसूल," ते म्हणाले. "आणि वर्षावर घ्यायचा म्हटलं तर वयाच्या चौऱ्याण्णवपासून मी तोट्यात." शेवटी त्यांनी एक दिवसाचाच घेतला, पण तब्येत बरी राहिली तर फसलो, ही हुरहूर त्यांना आठवडाभर होती.

सोय हवी म्हणणारे बारा जण होते. परवान्यावर नाव लागतं म्हटल्यावर अकरा उरले. त्यातल्या तिघांनी फोन करून विचारलं, "यादी सूचनाफलकावर लागणार नाही ना?" अकरा गुणिले पाच, पंचावन्न रुपये. एवढ्या रकमेसाठी मी रिक्षाला दोनशे घातले.

हे पिणाऱ्यांचं झालं. कार्यक्रमासाठी एक दिवसाचा वेगळा परवाना. त्याला जागेचा नकाशा, चतुःसीमेसह. जिथे ग्लास धरायचा ती जागा नकाशात लाल रेघेने दाखवायची, रेघेबाहेर थेंब जाता कामा नये. मी पार्किंगमधल्या गाडी क्रमांक १४ ते १७ या जागांभोवती रेघ मारली. बिअर २१ वर्षांखाली नाही, कडक मद्य २५ खाली नाही, याचं हमीपत्र दिलं. आमच्यात सगळ्यात तरुण अर्जदार ६७ वर्षांचे होते.

मग ध्वनिक्षेपक. नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहा वाजले की ध्वनिक्षेपक बंद. आता साधं बोलणंच साठच्या घरात जातं म्हणतात, आणि आपल्याकडे साधं बोलणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. आमची वार्षिक सभा या नियमात एकदाही बसलेली नाही. गाण्यांच्या हक्कांचं निराळंच. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणी वाजली तर कॉपीराइट कायदा सूट देतो, हे कळताच अप्पा म्हणाले, "सोपं आहे, सत्यनारायण घालू." त्याच मांडवात, त्याच दिवशी, त्याच अर्जदाराच्या नावावर! अध्यक्षीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हक्कांचे पैसे भरले.

मांडवाची परवानगी, आग प्रतिबंधाचा ना हरकत दाखला, वाहतुकीचं पत्र. प्रत्येक खिडकीवर कागद निराळा, शिक्का निराळा, पण सगळ्या अर्जांत एक रकाना सारखा होता: ‘जबाबदार व्यक्तीचे नाव’. आवाज वाढला, मी. आग लागली, मी. मांडव कोसळला, मी. रेघेबाहेर घोट गेला तर घोट दुसऱ्याचा, नाव माझंच. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण इतक्या गोष्टींना मी एकटा जबाबदार आहे असं इतक्या लोकांनी लेखी कधी घेतलं नव्हतं. बायको म्हणाली, तिने तोंडी सांगितलेलं आहे.

एके ठिकाणी ‘आपत्कालीन आराखडा’ मागितला. मी लिहिलं, "आपत्ती आल्यास सर्व सभासद शांतपणे जिन्याने खाली येतील."

खिडकीपलीकडच्या बाईंनी नकाशा पाहिला. "काका, कार्यक्रम खालीच आहे ना?"

"हो."

"मग खाली कुठे येणार?"

मी ‘खाली येतील’ खोडून ‘वर जातील’ केलं, खाडाखोडीवर सही केली, आणि शिक्का मिळाला.

शनिवारी सगळं सुरळीत होतं. साडेसातला वाद्यवृंदाने सूर लावला, आठला अकरा ज्येष्ठ अकरा परवाने खिशात घेऊन लाल रेघेच्या आत जाऊन बसले. रेघ मी खरोखरच रांगोळीने काढली होती. आणि सव्वाआठला परतीचा पाऊस आला. पुण्यातला परतीचा पाऊस परतायचा असतो हे विसरतो. पंचवीस मिनिटांत मागचा नाला भरून वाहायला लागला आणि पार्किंगमध्ये पाणी शिरलं. पहिली वाहून गेली ती रांगोळी. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. आपत्ती व्यवस्थापनात माझ्या हातून झालेली ही एकमेव शहाणी गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई अग्निशमन दलाला १०१ लावायला निघाल्या. तेवढ्यात अप्पांनी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५, कलम ५४ म्हणून दाखवलं: खोटी घबराट पसरवल्यास एक वर्षापर्यंत कैद. पाणी घोट्याएवढं होतं. घोट्याएवढं पाणी खरं की खोटं, यावर जिन्यात वाद सुरू झाला, पंचावन्न डेसिबलच्या बराच वर.

लोक मात्र आराखड्याप्रमाणे वर गेले. जेवणाची पातेली गेली, वाद्यवृंद गेला, मुलं गेली. अप्पांनी खोका उचलला तेव्हा मी आडवा आलो.

"अप्पा, गच्ची नकाशात नाही."

"अहो, खाली पाणी आहे!"

"परवाना गाडी क्रमांक १४ ते १७ चा आहे. आणि जबाबदार व्यक्ती मी आहे."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे. चोरून काही नको, हे त्यांचंच वाक्य होतं. ते मुकाट्याने परत फिरले.

मोबाईलच्या उजेडात अकरा ज्येष्ठ नागरिक विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन, गाडी क्रमांक १४ ते १७ च्या जागेत उभे राहिले. वर गच्चीच्या जिन्यात पेटी सुरू झाली होती. नाना मात्र खूश होते. "हे कसलं पाणी," ते म्हणाले. "१९६१ ला, १२ जुलैला, पानशेतचं आलं तेव्हा मी वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरून..." अकराही जणांनी पानशेत शंभरदा ऐकलेलं होतं, पाण्यात उभं राहून प्रथमच ऐकलं. मी जबाबदार व्यक्ती म्हणून एका हातात परवान्यांची फाइल डोक्यावर धरून, दुसऱ्या हाताने सगळ्यांना वाढत होतो.

"नाना," मी तांब्या पुढे केला, "पाणी घालू?"

नानांनी खाली पाहिलं. "राहू दे. आहे तेवढं पुरे."