निवडणुकीचे निकाल स्कॅन करून का देता?

डोकं फिरलंय नुसतं. आमच्या प्रभागाचे २०१७ च्या पालिका निवडणुकीचे निकाल हवे होते, बूथनिहाय, कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली एवढंच, आणि मिळालं काय तर स्कॅन केलेली पीडीएफ, तीही तिरकी, आणि साहेबांचा गोल शिक्का बरोब्बर मतांच्या आकड्यावर, तो १ आहे का ९ हे भिंग घेऊन बसलं तरी कळत नाही. अरे हा तक्ता कुणीतरी आधी कॉम्प्युटरवरच केला होता ना? मग प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा आणि परत स्कॅन करून टाकायचं, हे काय चाललंय? सहीची प्रत ठेवा की, पण सोबत मूळ एक्सेल द्यायला काय जातं तुमचं??

दुसऱ्या एका पालिकेची फाइल उघडली, मजकूर सिलेक्ट होतोय म्हणून जीव भांड्यात पडला, पेस्ट केलं तर नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं, जुना बिगर-युनिकोड फाँट, म्हणजे तोच फाँट मशीनवर नसेल तर मराठी दिसतच नाही! विचारायला गेलं तर म्हणे माहिती अधिकारात अर्ज टाका. अहो, त्याच २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की लोकांना कमीत कमी अर्ज करावे लागतील इतकी माहिती आपणहून द्या.

ग्रामपंचायतीचं तर बोलायलाच नको. तिथे पक्षाच्या चिन्हावर निवडणूक नसते, त्यामुळे निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष टीव्हीवर छाती ठोकून सांगतो आम्हीच एक नंबर, आणि तपासायचं कशाच्या जोरावर? सरपंच थेट जनतेतून हे २०१७ ला आणलं, २०२० ला काढलं, २०२२ ला परत आणलं. या खेळात बिनविरोध गावं वाढली का घटली, महिला खुल्या जागांवर निवडून यायला लागल्या का, हे सगळं त्या निकालांतच आहे, पण गावोगावचे तक्ते हाताने टाइप करत बसायला कुणाकडे वेळ आहे? म्हणून मग जो तो आपल्या सोयीचं ठोकून देतो आणि आपण ऐकून घेतो. संताप येतो याचा.

मागणं काय फार मोठंय का? साधी सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी तक्त्याची फाइल), युनिकोडमध्ये, पडलेल्या उमेदवारांसकट, नोटासकट, आणि प्रत्येक गावापुढे लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा कोड, म्हणजे केंद्राच्या यादीतला त्या गावाचा वेगळा नंबर. तो कोड केंद्राने आधीच देऊन ठेवलाय, फक्त लावायचाय, नाहीतर राज्यात वडगाव न् पिंपळगाव इतकी आहेत की कुठल्या वडगावचा निकाल बघतोय तेच समजत नाही. आणि जुन्या निवडणुकांच्या मूळ फाइली आत्ताच शोधून वर टाका, ऑपरेटर बदलला, मशीन फॉरमॅट झालं की त्या गेल्या कायमच्या, मग तो शिक्क्याखालचा आकडा कुणालाच सांगता येणार नाही.