अभ्यासवर्गाला गेलं म्हणून संप होत नाही

कारखान्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक निनावी मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या कायद्यात पाच-सहा जण मिळून रजा टाकून युनियनच्या शिबिराला गेले की तो संप धरतात, आठ दिवसांचा पगार कापतात, वर दहा हजार दंड, शिबिरात घोषणांपलीकडे काही शिकवत नाहीत, तिथल्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही, आणि सरकारच्या नव्या रीस्किलिंग फंडातून (नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून) प्रत्येक कामगाराला फुकट कोर्स मिळणार असताना युनियनकडे जायचंच कशाला. खाली अर्थातच 'सर्वांना पाठवा'. हे वाचून माझ्या भाच्याने युनियनच्या तीन दिवसांच्या अभ्यासवर्गातून नाव काढून घेतलं. म्हणून हा खटाटोप.

आधी संपाचं बघू, कारण घाबरवतं तेच. चार कामगार संहिता, म्हणजे हे नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेच्या संपाच्या व्याख्येत सामूहिक किरकोळ रजा खरोखरच घातली आहे. पण कशी? उद्योगातल्या ५० टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली. ४०० कामगार असतील तर २०० जण एकाच दिवशी हवेत. सहा जण नव्हेत. व्याख्येतली ही एक ओळ वाचली असती तर मेसेज लिहायची वेळच आली नसती.

आठ दिवसांचा पगार हा तर दुसऱ्याच कायद्यातला तुकडा. जुन्या वेतन प्रदान कायद्यात तो होता, आता वेतन संहितेत आला आहे. त्याच्या अटी बघा: दहा किंवा जास्त कामगार, संगनमताने, नोटीस न देता आणि वाजवी कारण नसताना गैरहजर राहिले पाहिजेत, शिवाय नोटिशीऐवजी पगार कापायची अट नोकरीच्या करारात असली पाहिजे. आठ दिवस ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली कपात नव्हे. रजेचा अर्ज मंजूर करून गेलेला माणूस यात बसतच नाही. दहा हजारांचा आकडा बेकायदा संपाच्या दंडातून उचलला आहे. तिथे एक महिन्यापर्यंत कैदही आहे. मेसेजवाल्याच्या नजरेतून ती सुटली, हे नशीब.

लोक अडकतात ते संहितेमुळे नाही, रजेच्या घोळामुळे. सुपरवायझरला तोंडी सांगून निघायचं आणि अर्ज दिला म्हणजे मंजूर झाला असं धरायचं, ही नेहमीची चूक. एकाच लाइनवरचे, एकाच शिफ्टचे चौघे निघाले की लाइन थांबते आणि मग एचआरला कारण मिळतं. सगळ्यात वाईट म्हणजे आजारपणाची रजा टाकायची आणि संध्याकाळी शिबिरातला फोटो स्टेटसला ठेवायचा. खोटं कारण दाखवून रजा घेतली म्हणून चार्जशीट (कंपनीचं आरोपपत्र) आली तर तिथे युनियनचाही फारसा इलाज चालत नाही.

रीत साधी आहे. युनियनने नावं, तिकीट नंबर (कामगार क्रमांक) आणि तारखांसह पत्र एचआरला किमान आठवडाभर आधी द्यावं आणि पोच घ्यावी. नावं वेगवेगळ्या खात्यांतून आणि शिफ्टमधून काढावीत. कंपनी आणि युनियनच्या करारात युनियनच्या कामासाठी रजेचं किंवा ऑन ड्यूटीचं कलम असेल तर पत्रात त्याचा उल्लेख करावा; नसेल तर प्रत्येकाने आपली सीएल (किरकोळ रजा) किंवा पीएल (हक्काची रजा) टाकावी आणि मंजुरीची सही असलेली प्रत जवळ ठेवावी.

आता घोषणांबद्दल. काही वर्गांत पहिला अर्धा दिवस हार-तुरे आणि भाषणांत जातो, हे मान्य करावं लागेल. पण कामगार शिक्षण म्हणजे फक्त पुढाऱ्यांची सभा, हे म्हणणं नागपुरात बसून तरी कुणी करू नये. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ साली स्थापन झालं, मुख्यालय बराच काळ नागपूरला. आज त्याला कामगार नेते दत्तोपंत ठेंगडी यांचं नाव आहे. सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघांचे प्रतिनिधी त्यात बसतात. मालकांनी वर्षानुवर्षं बसून घोषणा शिकवू दिल्या, असं मेसेजवाल्याला वाटतं का?

बऱ्या वर्गात पगारपावती वाचायला शिकवतात. समजा एकूण पगार २४,००० आहे. त्यात मूळ आणि महागाई मिळून ९,०००, उरलेले १५,००० घरभाडे, प्रवास अशा वेतनातून वगळलेल्या बाबींचे. वेतनाच्या नव्या व्याख्येप्रमाणे वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असेल तर वरची रक्कम वेतनात धरायची. निम्मे १२,०००, वरचे ३,०००, म्हणून वेतन १२,०००. १५ भागिले २६ (२६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांचं वेतन) या हिशोबाने वर्षाला ग्रॅच्युइटी ९,००० वर ५,१९२ बसते, १२,००० वर ६,९२३. दरवर्षी १,७३१ रुपयांचा फरक. मशीनवर मायक्रॉन सांभाळणारी माणसं हा फरक न बघता पावती खिशात घालतात.

दुसरा विषय तक्रार निवारण समितीचा. २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ती हवी, सभासद जास्तीत जास्त दहा, दोन्ही बाजूंचे समसमान. निर्णय बहुमताने होतो. पण कामगारांच्या प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त जणांची संमती नसेल तर निर्णय झालाच नाही असं धरतात. म्हणजे आपला माणूस गप्प बसला किंवा न वाचता सही करून आला, तर हातातला नकार गेला. कामगाराने अर्ज एका वर्षाच्या आत करायचा. समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत सरकारी समेट अधिकाऱ्याकडे जायचं. तारीख चुकली की खरी तक्रारही पडते. निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर पुढे ७५ टक्के, हेही तिथेच कळतं. आणि चार्जशीटला उत्तर देण्याऐवजी घाईत माफीनामा लिहून दिला की तोच पुढे कबुलीजबाब म्हणून वापरतात, हेसुद्धा.

सर्टिफिकेटचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्याने ग्रेड वाढत नाही, आयटीआयच्या सर्टिफिकेटची जागा ते घेत नाही. ते त्यासाठी नसतंच. वेल्डिंग शिकायचं असेल तर आयटीआयला जा, चार्जशीटला उत्तर लिहायला शिकायचं असेल तर इकडे या.

राहिला रीस्किलिंग फंड. औद्योगिक संबंध संहितेचं कलम ८३ उघडा. हा पैसा ज्याला कामगारकपातीत नोकरीवरून काढलं त्या कामगारासाठी आहे, कामावर असलेल्या प्रत्येकासाठी नाही. मालकाने शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम त्यात भरायची आणि कपातीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. कुठलाही कोर्स त्यात नाही. २४,००० वेतन (एकूण पगार नव्हे) असणाऱ्याला साधारण बारा हजार मिळतील, तेही नोकरी गेल्यावर.